वहिनीची बोटं

वहिनीचा दिवस पहाटे तीन पन्नासला सुरू व्हायचा. गजर कधी वाजू दिला नाही तिने, त्याच्या आधीच उठायची. पाचच्या ठोक्याला कोल्ड रूममध्ये हजर. मी त्याच कारखान्यात माल चढवायला होतो, त्यामुळे ती किती वाजता यायची आणि किती काम करायची हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ऐकीव सांगत नाही.

कारखाना तयार पिठाचा. लोणी घालून घड्यांवर घड्या दिलेलं पीठ पातळ लाटून गोठवायचं, चौकोनी शीट कापायच्या, पाकिटात भरून दुकानांत पाठवायच्या. लोक घरी नेऊन भाजतात. वहिनीचं काम दोन शीटच्या मध्ये एक बटर पेपर घालायचं. एकच. दोन गेले तर पाकीट परत, एकही नाही गेला तर शीट एकमेकींना चिकटून बसतात. आत उणे अठरा. कंपनी जाड हातमोजे द्यायची, पण जाड बोटांनी एक कागद सुटा होत नाही. म्हणून बायका उजव्या मोज्याच्या अंगठ्याचं आणि पहिल्या दोन बोटांचं टोक कात्रीने कापायच्या. नवी बाई आली की जुनी तिला पहिल्या दिवशी हेच शिकवायची. साहेबांना माहीत होतं. ते बघायचे नाहीत. वहिनी तासाला चारशे पाकिटं भरायची. तिच्या आसपास कोणी नव्हतं.

नोकरीच्या पंधराव्या वर्षी तिची ती तीन बोटं पांढरी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "यंदा सोडा. पुढच्या वर्षी सोडून उपयोग नाही."

सोडून करायचं काय? माझा मोठा भाऊ पाठीने अंथरुणाला खिळलेला. त्याचं तोंड तेवढं धडधाकट होतं.

वहिनीने विचार केला आणि नोकरी न सोडता ओव्हन घेतला. म्हणाली, "जे पीठ आयुष्यभर दुसऱ्यांसाठी भरलं, ते आता स्वतः भाजते."

तुटकी शीटसुद्धा गेटबाहेर न्यायची सोय नव्हती, पिशव्या तपासायचे. म्हणून ती खालच्या दुकानातून तेच पाकीट पूर्ण किमतीला आणायची.

दादा पडल्या पडल्या म्हणायचा, "बघ रे, आपल्याच विहिरीचं पाणी विकत आणतेय."

"तुम्ही विहिरीत पडून राहा," ती म्हणायची. "दोर मी सोडते."

कृती सोपी. सफरचंदाच्या बारीक फोडी साखर-दालचिनीत शिजवून गार करायच्या. शीट फ्रिझरमधून काढून वाकेल इतकीच सैल होऊ द्यायची, चौकोन कापायचे, मधोमध चमचाभर सारण, त्रिकोणी घडी, कडा काट्याने दाबायच्या. वरून दूध, चिमूटभर साखर. वीस मिनिटं कडक तापलेल्या ओव्हनमध्ये. उरलेल्या पट्ट्यांना पीळ देऊन साखरेत घोळवायचं, त्याच्या कांड्या होतात. खरी मेख एकच. पीठ गार असतानाच ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. मऊ पडलं की लोणी पिठात मुरतं, थर एक होतात, मग फुगत नाही.

थंडीचे दिवस होते. खोलीच इतकी गार की पीठ मऊ पडायची भीती नव्हती. त्रिकोण बोटभर फुगायचे. दादाने पहिला खाल्ला तेव्हा पाच मिनिटं गप्प होता, आमच्या घरात हा विक्रम. शेजारणी मागून न्यायला लागल्या. तीन महिने असं चाललं.

मग बस डेपोसमोरच्या ऑफिसच्या कॅन्टीनवाल्या बाईंनी निरोप दिला. शनिवारी चाळीस नग आणा, पसंत पडले तर रोजचे ऐंशी. रोजचे ऐंशी म्हणजे कोल्ड रूम सुटली.

शनिवारी मी ट्रे न्यायला गेलो. उन्हाळा सुरू झालेला, ओव्हनने खोली भट्टी झालेली. ओट्यावर शीट पसरलेल्या. वहिनी एकेकीवर बोट दाबून बघत होती.

"अजून कडक आहेत," ती म्हणाली. "थांबते जरा."

मी कडेच्या शीटला हात लावला. ओल्या कापडासारखी लोंबली.

"वहिनी, मऊ वाटतेय मला."

"भाऊजी, पंधरा वर्षं हेच हातात आहे माझ्या. तुम्ही खोकी उचला."

दुसऱ्याच्या हातातल्या कामात तोंड घालायचं नाही, ही आमची रीत. माझ्या गाडीत खोकं कसं लावायचं हे कोणी सांगितलेलं मला चाललं नसतं. तिच्यासारखं काम करणाऱ्या बाईला तर सांगायची माझी हिंमतच झाली नाही. आज वाटतं, दोनदा सांगायला हवं होतं.

ती आणखी वीस मिनिटं थांबली.

चाळीस त्रिकोण बाहेर आले ते चपलेच्या तळासारखे. लोणी ट्रेमध्ये तरंगत होतं. नवीन करायला पाकिटं नव्हती आणि वेळही नव्हता. ती म्हणाली, "चव तीच आहे. चला."

कॅन्टीनवाल्या बाई भल्या होत्या. एक पूर्ण खाल्ला त्यांनी. म्हणाल्या, "चव छान आहे, ताई. पण माणूस आधी डोळ्यांनी खातो."

"सोमवारी परत आणते."

"सोमवारी दुसरे येणार आहेत. मी शब्द दिलाय त्यांना, तुमचे नाही जमले तर म्हणून."

घरी आल्यावर तिने मला फ्रिझरमधली एक सांडशी आणायला सांगितली. सकाळी चुकून तिथे राहिली होती. डोळे मिटून एका हाताने ती धरली, दुसऱ्या हाताने ओट्यावरची दुसरी. मग अदलाबदल केली.

"कुठली गार?" दादाने विचारलं.

"डावीकडची," ती म्हणाली. डावा हात तिचा बरा होता. "उजवीकडे काहीच कळत नाही."



"घड्याळ लावून करा," मी म्हटलं.

तिने तसंही केलं. घड्याळ लावून आणखी दोन ठिकाणी नमुने दिले. दुसऱ्या खेपेला ओव्हनमधला ट्रे फडक्याशिवायच उजव्या हाताने उचलला. ट्रे ओट्यावर नीट ठेवला, आणि मग वास कसला येतोय म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. हात फडक्यात गुंडाळून बसली तेव्हाच मला कळलं की हे आता संपलं. घड्याळ वेळ सांगेल, चटका कोण सांगणार?

त्यानंतरच्या सोमवारी पाचला ती नेहमीसारखी कोल्ड रूममध्ये होती. त्या हाताने तासाला साडेतीनशे व्हायची. तरी तिसऱ्या नंबरावर.

आणखी चार वर्षं केली तिने. ओव्हनमध्ये दादाची औषधं राहायला लागली. दार घट्ट बसतं, झुरळं जात नाहीत. शेवटी बोटं काळी पडली तेव्हा कंपनीने सांगितलं, मोजे आम्ही दिले होते, कापले तुम्ही. खोटं नव्हतं ते. एकोणीस वर्षांच्या कामाचा हिशेब करून एकरकमी पैसे हातात ठेवले. तिने सही डाव्या हाताने केली.

त्या पैशांतून उजव्या हाताचा अंगठा अर्धा आणि दोन बोटं पूर्ण काढली. जे उरलं त्यात इस्पितळातून घरापर्यंत टॅक्सी झाली. एरवी ती बसने यायची.