राजुरीचा जॅझ ड्रमर

बुद्धभूषणच्या आजोबांनी हलगी जाळली, तेव्हा ती नुकतीच नव्या कातड्यानं मढवलेली होती. धर्मांतरानंतरच्या वर्षातली ही गोष्ट. राजुरीतल्या वस्तीनं ठरवलं, की आता गावची मेलेली जनावरं ओढायची नाहीत आणि जत्रेत, वरातीत, मयतीत कुणाच्या पुढं वाजवत चालायचं नाही. आजोबा धर्माजी हलगीसाठी पंचक्रोशीत नावाजलेले. त्यांनी सगळ्यांच्या देखत हलगी चुलीत घातली, तिच्या जाळावर पाणी तापवलं आणि त्या पाण्यानं अंघोळ केली. नंतर मरेपर्यंत त्यांनी ताटलीवरसुद्धा कधी बोटं वाजवली नाहीत.

धर्माजींचे चिरंजीव सावळेराम आप्पा, म्हणजे बुद्धभूषणचे वडील, एसटीत कंडक्टर होते. विहाराच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. पोराच्या शाळेच्या फीपासून पुतण्यांच्या लग्नापर्यंत सगळ्या बाबतीत सैल असलेला माणूस एका बाबतीत मात्र दगड होता. आपल्या घरात कातडं वाजणार नाही.

आणि पोराचे हात तर कधी गप्प नसायचे. ओतूरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. मी पिंपरी पेंढारचा, तो राजुरीचा. लेक्चर चालू असताना तो मांडीवर वाजवायचा, एसटीत पुढच्या सीटच्या पाठीवर वाजवायचा. ओतूरमध्ये एकाचा लग्नातला ऑर्केस्ट्रा होता आणि त्याच्या गोडाऊनमध्ये एक जुना ड्रमसेट पडून होता. बुद्धभूषण तिथं झाडूनपुसून द्यायचा आणि बदल्यात तासभर वाजवायचा. ऑर्केस्ट्रावाल्यानंच त्याला जॅझची एक सीडी दिली. कुणा पाहुण्यानं त्याच्याकडं विसरलेली होती ती. बुद्धभूषणनं ती इतक्यांदा ऐकली, की तिच्यावरचे ओरखडेसुद्धा तो वाजवून दाखवायचा.

पण घरी सांगायचं कसं? शेवटी एके दिवशी ड्यूटी संपवून आलेल्या आप्पांना तो ओतूरच्या सायबर कॅफेत घेऊन गेला. मी बरोबर होतो. आप्पा खाकी गणवेशात, काखेत तिकिटांची बॅग, खुर्चीवर न बसता उभेच. पडद्यावर कृष्णधवल व्हिडिओ. सुटाबुटातले, टाय लावलेले काळे वादक.

“ही मानसं कोन?” आप्पांनी विचारलं.

“अमेरिकेतली. ह्यांच्या आजा-पणजाला बाजारात विकलं व्हतं, आप्पा. गुलाम म्हनून.”

“आन् म्होरं बसल्यात ते?”

“गोरे.”

आप्पा वाकून बघत राहिले. “त्या ढोलाला कातडं हाय का?”

“नाय. प्लॅस्टिक हाय.”

त्यांनी काखेतली बॅग सावरली. मग म्हणाले, “शीक मंग. पन कुनाच्या म्होरं चालत वाजवायचं नाय. तू बसून वाजवायचं. लोकांनी तुझ्या म्होरं बसायचं.”

त्या दिवशी घरी जाताना बुद्धभूषण इतका खुशीत होता, की एसटीतून माझ्या स्टॉपवर उतरायचं सोडून मीही त्याच्याबरोबर राजुरीपर्यंत गेलो.

पुण्यात तो वाद्यांच्या एका दुकानात कामाला लागला. दुरुस्तीला आलेले ड्रम नीट झाले की नाही हे बघायला वाजवून पाहावं लागतं, आणि हे ‘वाजवून पाहणं’ त्याच्या बाबतीत फार लांबायचं. एकदा तिथं कल्याणी आली होती. ही मूळची घोडेगावची. वडील डॉक्टर, पुण्यात स्थायिक झालेले. ती परदेशात पियानो शिकली होती आणि परत आल्यावर तिला आपल्याबरोबर वाजवणारं कुणी सापडत नव्हतं. तिनं दुकानातल्या कीबोर्डवर काहीतरी छेडलं. बुद्धभूषणनं ते थोडं ऐकलं, आणि मग सिंबलच्या पितळी थाळीवर फक्त तिच्या बोटांच्या मधल्या जागा भरल्या. कल्याणीचा कीबोर्ड घ्यायचा राहिला, तिनं ड्रमर घेतला.

तिसरा ज्ञानेश्वर, आंबेगावच्या डोंगराकडचा. त्यांच्याकडं भाताची खाचरं. हा पोरगा भजनात वाढलेला, पुण्यात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. कल्याणीनं त्याला माणसाच्या उंचीचा लाकडी बेस धरायला लावला. या तिघांनी सहा-सात वर्षं एकत्र वाजवलं. आधी हॉटेलांत, जिथं लोक जेवता जेवता बोलत असतात. मग छोट्या सभागृहांत. मग मुंबईत, बंगळुरूत, गोव्यात. त्यांचा एक अल्बम निघाला. बाहेरगावचे गायक, वादक मुद्दाम बुद्धभूषणला बोलवू लागले. एक केरळचा बासरीवाला तर म्हणायचा, की हा मागं असला की मला चुकायची भीती वाटत नाही.

बुद्धभूषणची खरी कला हातात नव्हती, कानात होती. वाजवण्यापेक्षा थांबणं त्याला जास्त चांगलं यायचं. पुण्यातल्या एका कार्यक्रमात कल्याणी मध्येच ओळ विसरली. दुसऱ्या कुणीही तिथं दणदण वाजवून जागा झाकली असती. यानं दोन्ही हात उचलून घेतले. तिला ओळ आठवली, तिनं सूर लावला, आणि हा काठ्यांऐवजी तारांचे ब्रश घेऊन इतक्या हळू आत आला, की लोकांना वाटलं हे असंच बसवलेलं आहे. त्या कार्यक्रमाला आप्पा आले होते. पांढराशुभ्र शर्ट घालून पहिल्या रांगेत. नंतर कल्याणीला म्हणाले, “पोरी, तू गोष्ट सांगत व्हतीस आन् ह्यो हुंकार देत व्हता.” जॅझवर आजवर मी जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं काही सापडलं नाही.

मग एक सॅक्सोफोनवाला आला. हॉलंडचा. माणूस वाईट नव्हता. त्यानं तिघांना ऐकलं आणि युरोपच्या दौऱ्याचं ठरवलं. फक्त एक अडचण होती. तिकडच्या आयोजकांचं म्हणणं, की पियानो, बेस, ड्रम तर आमच्याकडंही आहेत. तुमच्या मातीतलं काहीतरी हवं. गप्पांच्या ओघात कधीतरी बुद्धभूषणनं आजोबांची गोष्ट सांगितली होती. सॅक्सोफोनवाल्याच्या ती डोक्यात बसली. हलगी.

“नाही,” बुद्धभूषण म्हणाला.

कल्याणीनं त्याला समजावलं. “तुझ्या आजोबांना ती वाजवायला लावायचे. तुला कोण लावतंय? तू निवडून वाजवशील. फरक नाही का?”

“फरक हाय. पन आप्पाला कसा सांगू?”

“मी सांगते.”

“नको,” तो घाईनं म्हणाला.

काही आठवडे तो घुटमळत राहिला. मग, ऐकून तर बघू, म्हणून आंबेगाव तालुक्यातल्या भागूबाबांकडं गेला. हे म्हातारे अजूनही जत्रेत हलगी वाजवायचे. त्यांनी हलगी जाळावर शेकून, ताठ करून त्याच्या हातात दिली. एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक लवचीक काडी. त्यानं मला नंतर सांगितलं, “अरे, मला शिकावं लागलंच नाही. हात आपले आपण चालायला लागले. मला लई आनंद झाला आणि लई भीती वाटली.” भागूबाबा एवढंच म्हणाले, “तुझ्या आज्याला मी पोरपनी ऐकलाय. त्योच हात हाय ह्यो.”

आप्पांना न सांगताच त्यानं हलगीला होकार दिला. दौऱ्याच्या आधी पुण्यात एक कार्यक्रम झाला. मी होतो. शेवटच्या तुकड्यात तो ड्रमसेटमागून उठला, हलगी गळ्यात अडकवली आणि वाजवत पुढं आला. सॅक्सोफोन किंचाळत होता, खालून बेस घुमत होता, आणि हलगी त्या दोघांना ओढून नेत होती. माणसं खुर्च्यांवरून उठली. इतकं चांगलं त्यानं आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. हे मला लिहायला जड जातं, पण खरं आहे.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. दोन दिवसांत तो राजुरीतल्या वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचला. आप्पांनी तो एसटी स्टँडवर बसून पाहिला.

बुद्धभूषण घरी गेला, तेव्हा आप्पा ओट्यावर होते. ओरडले नाहीत. फोन त्याच्यापुढं धरला.

“तू चांगलं वाजीवलं असशील. मला त्यातलं कळत नाय. खाली काय लिवलंय ते वाच.”

खाली लिहिलं होतं, ‘पिढीजात हलगीवादकाची कमाल.’

“आप्पा, ते मी नाय लिवलं. कोनी तरी…”

“पिढीजात,” आप्पा म्हणाले. “ती पिढी माझ्या बापानं जाळली व्हती. तू राख गोळा करून गळ्यात बांधली. आन् चालत चालत वाजवत आला. बसला बी नायस.”

आप्पांनी त्याच आठवड्यात विहाराच्या कमिटीचं अध्यक्षपद सोडलं. कुणी मागितलं नव्हतं, तरी सोडलं. मुलाशी बोलणं थांबलं ते तेव्हापासून.

बुद्धभूषणनं आयोजकांना कळवलं, की मी येईन, पण ड्रमवर बसेन. हलगी वाजवणार नाही. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. ड्रमर आम्हाला इथंही मिळतो, तुमचा निर्णय आम्ही समजू शकतो, पुन्हा कधीतरी नक्की. कोल्हापूरकडचा एक हलगीवाला पोरगा त्याच्या जागी गेला. कल्याणी आणि ज्ञानेश्वरही गेले. जाण्याआधी कल्याणी त्याच्या खोलीवर येऊन रडली. तो म्हणाला, “तू जा. तू न गेल्यानं माझा बाप बोलायला लागणार हाय का?”

ते परत येतात न येतात तोच लॉकडाऊन लागला. हॉटेलं बंद, दुकान बंद. उघडली तेव्हा हॉटेलात बँडच्या जागी डीजे बसला होता. कल्याणी पुन्हा परदेशी गेली, ज्ञानेश्वर डोंगरात घरी गेला तो तिथंच शेतीला लागला. बुद्धभूषण राजुरीला आला. ओतूरला त्यानं ड्रमचा क्लास काढला. पण आईबापांना पोरं टीव्हीवरच्या स्पर्धेत गाताना बघायची होती, ड्रम कुणालाच नको होता. क्लास बंद पडला. आता तो पिकअप चालवतो. सकाळी शेतकऱ्यांचा टोमॅटो भरायचा आणि नारायणगावच्या मार्केटला टाकायचा. जयाशी त्याचं लग्न झालं. ती आशा सेविका आहे, खंबीर बाई. पण आप्पा आणि बुद्धभूषण यांच्यामधले सगळे निरोप तिला वाहावे लागतात. ‘त्याला सांग, लाइट बिल भरलंय.’ ‘आप्पांना विचार, गोळी घेतली का.’ तीन खोल्यांच्या घरात दोघं एकमेकांच्या अंगावरून जातात, पण शब्द जयाच्या तोंडून जातो.

दोन वर्षांपूर्वी कल्याणी आली. नवा अल्बम करायचा म्हणाली. फक्त ड्रम, हलगीचं नाव नाही, आणि तो नसेल तर करायचाच नाही. मी ओतूरला एक मंगल कार्यालय दुपारपुरतं मिळवलं. ज्ञानेश्वर डोंगरातून बेस जीपवर बांधून घेऊन आला. तिघं बसले. सुरुवात झाली आणि मला वाटलं, जमलं. हात तेच होते. पण थोड्या वेळानं कल्याणी माझ्याकडं बघायला लागली. तिनं जागा सोडली, की तो ती लगेच भरत होता. ती हळू झाली, की तो जोरात जात होता. तिनं मुद्दाम एक लांब विराम घेतला, आणि तो तसाच पुढं वाजवत राहिला, एकटा, मान खाली घालून, कुणाच्याही हाकेला ओ न देता.

ज्ञानेश्वरनं बेसवरचा हात काढला. “भूषण,” तो म्हणाला, “आमी हाय रे इथं.”

बुद्धभूषण थांबला. स्टिक्स खाली ठेवल्या. “मला ऐकू येतंय सगळं,” तो म्हणाला. “पन आत जात नाय.”

कल्याणी म्हणाली, पुन्हा भेटू, रियाज कर, मी थांबते. तो हो म्हणाला. ती परत गेली आणि अल्बम दुसऱ्या ड्रमरबरोबर केला. त्यात तिची काही चूक नाही. तिनं वर्षभर वाट पाहिली होती.

यंदाच्या एप्रिलची गोष्ट सांगायची राहिली. राजुरीत जयंतीची मिरवणूक निघाली, आणि त्यात पहिल्यांदाच हलगीचं पथक होतं. वस्तीतलीच पोरं, निळे फेटे बांधलेली. कॉलेजात शिकणारी, चांगली वाचणारी. त्यांचं म्हणणं, ही कला आमची आहे, आम्ही ती मानानं वाजवणार. पुण्याकडं सगळीकडं आता असं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. आप्पा ओट्यावर बसले होते. पथक घरासमोर आलं तसे ते उठून आत गेले आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसले.

संध्याकाळी पथकातली चौघं घरी आली. मी तिथंच होतो, जया चहा टाकत होती. पोरांनी तो जुना व्हिडिओ फोनवर लावलेला. त्यांच्यासाठी बुद्धभूषण म्हणजे मोठा माणूस होता.

“भूषणदादा,” त्यांच्यातली वैष्णवी म्हणाली, “तुमी आमाला शिकवा ना. असं वाजवनारं आपल्या तालुक्यात दुसरं कोनी नाय.”

बुद्धभूषणनं फोनमधल्या स्वतःकडं पाहिलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. दार उघडं होतं. आप्पांची पाठ दिसत होती. ती हलली नाही. आता आप्पांनी एक शब्द बोलावा, नुसतं खाकरावं, असं मला वाटत होतं. जयालाही तेच वाटत असावं. ती गाळणी हातात घेऊन थांबली होती.

“मला येत नाय ते,” बुद्धभूषण म्हणाला.

“असं काय करता, दादा? ह्यो बघा की, तुमीच हाय…”

“येत नाय, सांगितलं ना.”

पोरं चहा पिऊन गेली. जाताना वैष्णवी दारात थांबून पुन्हा एकदा मागं बघून गेली. आत आप्पांनी खाटेवर अंग टाकलं. बुद्धभूषण अंगणात जाऊन पिकअपची ताडपत्री घडी घालत बसला. जयानं दोघांना जेवायला वाढलं, एकाला आत, एकाला बाहेर.