काळ्याची आंघोळ

ज्यांना स्वतःच्या डोक्यातला कोंडा उभ्या जन्मात घालवता आला नाही, त्यांनीच आमच्या कुत्र्याच्या कातडीची वाट लावली. नावं घेत नाही, सगळे घरचेच! नव्वदीतल्या त्या एका हिवाळ्यात काशीतल्या राजा घाटाजवळच्या आमच्या घरात इतके वैद्य निपजले, की एक किस्सा सांगून होईतो दुसरा तयार.

काळ्या नावासारखाच, कोळशासारखा. थंडीत त्याच्या पाठीवरून पांढरे पापुद्रे गळू लागले. यात्रेकरूंची श्राद्धं चालवणारे आमचे काका गरजले, "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत हे थांबलं नाही, तर याला नावेत घालून गंगेपलीकडच्या रेतीवर सोडणार! आंब्याच्या डाळीत कोंडा चालायचा नाही!"

मी बीएस्सीला. काळ्याला वाचवायचं मनावर घेतलं.

*

काकूंचं निदान सोपं: अस्वच्छता! काळ्याला रोज सकाळी गंगेवर न्यायचं, कपड्यांच्या साबणाने घासायचं, मगच घरात. "सोवळ्याच्या घरात राहायचं तर नियम नकोत पाळायला?"

पापुद्रे वाढले. मग काकूंनी हात आणखी जोरात चालवला.

*

रेल्वेतले आतोबा म्हणाले, "गंधक आणि सरसोंचं तेल. आमच्या लोको शेडमध्ये सगळे हेच लावतात."

"कुत्रे?"

"फिटर!"

माखलेल्या काळ्याने काकांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराला पाठ पुसली. घाईत काका तेच नेसून गेले. साताऱ्याहून आलेले यजमान हात जोडून म्हणाले, "वा गुरुजी, पीतांबर!"

*

चुलतभाऊ बाळकडे नुकती केबल आली होती. तो कोंड्याच्या शाम्पूची पुडी घेऊन हजर.

"अरे, हा माणसांचा आहे!"

"वाच ना नीट. 'सर्व प्रकारच्या केसांसाठी'!"

*

शेवटी मी जनावरांचे डॉक्टरच घरी आणले. त्यांनी विचारलं, "याला रोज आंघोळ कोण घालतं?" काकू अभिमानाने पुढे झाल्या.

"बंद करा. कातडीतलं सगळं तेल धुऊन टाकलंत. महिन्यातून एकदा, तेही कुत्र्यांच्या शाम्पूने. रोज ब्रश करा आणि जेवणात थोडं तेल घाला."

"महिनाभर बिनआंघोळीचा? काशीत?" काका किंचाळले.

मी म्हणालो, "काका, माणसं इथे पापं धुवायला बुडी मारतात. काळ्याने काय केलंय?"

रात्री काका माझ्या पंगतीला बसले नाहीत.

*

तोड मात्र त्यांनीच काढली. आजाऱ्याला मंत्रस्नान चालतं, असं शास्त्र आहे! रोज सकाळी काका मंत्र म्हणत दर्भाने काळ्यावर चार थेंब शिंपडू लागले. काळ्या जमिनीवरचं तीर्थ चाटायचा. ब्रश आणि तेल माझ्याकडे.

पापुद्रे थांबले. हळदीकुंकवाच्या दिवशी काळ्या दारात बसला होता, नव्या बुटासारखा चकाकत. रेतीचं नाव कोणी काढलं नाही. आलेल्या प्रत्येकीला काका सांगत होते, "औषध नाही, डॉक्टर नाही. केवळ मंत्र!"

मी दात-ओठ खात उभा.

दारात दूध घालायला आलेल्या दूधवाल्याने आधी काळ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"पंडितजी, मंतर में इतना दम था, तो बेचारे को इतने दिन साबुन से रगड़ा काहे?"