पंधरा किलोंचं भांडण

मोठेमामांना जगातला एकही काटा खरा वाटत नसे. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापूस मोजण्यात आयुष्य गेलेलं, सगळ्या तऱ्हेची लबाडी पाहिलेली. बाजारात भाजीवाल्याने तराजू उचलायच्या आतच हे बाह्या सरसावत. “मोजणारा मानूस पहिले चोर, मंग मानूस,” असं म्हणत आणि त्यात स्वतःलाही धरत.

घरातही तोच सूर. सावंगीला माझं नर्सिंग पूर्ण झालं तेव्हा म्हणाले, “आता लोकायले सुया टोचत फिरजो.” आणि आठ दिवस ती बातमी गावभर सांगत हिंडले.

बंगळुरूच्या एका दवाखान्यात मला नोकरी लागली. विमानात सामान पंधरा किलो, त्यापुढे दर किलोला पैसे. मामांनी बॅग घरी तीनदा मोजली. चौदा किलो आठशे. नागपूरला विमानतळावर आत यायचं तिकीट काढून ते काउंटरपर्यंत सोबत आले. तिथल्या काट्यावर आकडा आला अठरा.

“काटा खोटा हाये तुमचा.”

“काका, ही मशीन आहे, बैलबंडी नाही,” काउंटरवरचा तरुण म्हणाला. रांग हसली.

“तुह्या वजनाचे हजार बोजे मोजले म्या!” मामा गरजले. शिपाई धावत आला. विमान चुकलं तर नोकरीच जाणार होती. मी मामांवरच ओरडले, “जिथे जाल तिथे तमाशा! घरी जा तुम्ही!”

मी बॅगेतली तुरीची डाळ आणि मामींनी शिवलेली गोधडी काढून त्यांच्या हातात कोंबली आणि मागे न बघता निघाले.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. तिथल्या दुकानातून पाण्याच्या लिटरच्या दहा सीलबंद बाटल्या आणून त्यांनी त्याच काट्यावर मांडल्या होत्या. दहा किलोंचे बारा भरले. प्रवासी भडकले, साहेब धावत आला, काउंटर बंद झाला, सगळ्यांचे पैसे परत मिळाले.

मला रडू फुटलं. “मामा, मी तुम्हाला घरी जा म्हणाले...”

“तुनं म्हटलं. म्या कुठं आयकलं?” ते खेकसले आणि फोन ठेवला.

मामा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते, हे मामींनी मला ते गेल्यावर सांगितलं.