म्हशीला आधी कळलं

कपाशीच्या पऱ्हाटीवर बोंडअळी तुटून पडली त्या वर्षी फवारणीचं औषध कालवताना आई शेतातच घेरी येऊन पडली. बाभुळगावहून तिला यवतमाळच्या दवाखान्यात हलवलं, मावशी तिच्याजवळ राहिली. घरी मी, आठ महिन्यांचा भाऊ आणि म्हैस. बाबा रोज दवाखान्यात जाऊन संध्याकाळच्या एसटीनं परतायचे. आई कशी आहे विचारलं की "बरी हाय", बस. बोलण्याच्या बाबतीत माझे बाबा पक्के कंजूष.

भावाला आता म्हशीच्याच दुधाचा आधार होता आणि म्हैस पान्हवेना. रेडकू लावलं तरी दूध चोरायची. शेजारणीनं दोन दिवस दूध दिलं, पण तिच्याही घरी लेकरं होतीच. आईखेरीज कोणाचा हात म्हशीनं कधी लावून घेतला नव्हता. धार काढताना आई तिला दिवसभराचं सगळं सांगायची: कोणाकडे पाहुणे आले, मी किती आळशी आहे. सांगता सांगता आई मान हलवायची, आणि तिचं बघून म्हैसही. माझ्या आळसाला तर जरा जास्तच.

शेवटी बाबांनी गावातला नेहमीचा उपाय केला. आईचं पातळ गुंडाळून, मिशांवरून पदर घेऊन धारेला बसले. एवढ्या काळजीतही मला हसू फुटलं. म्हशीनं पदर हुंगला, फुरफुरली आणि बादली लाथेनं उडवली. बाबा तिच्यावर ओरडणार, तोच त्यांनी पदर नाकाशी नेला. औषधाचा उग्र वास. दवाखान्यातून पिशवीत परत आलेलं, फवारणीच्या दिवशीचंच पातळ त्यांनी घाईत उचललं होतं. मला लांब व्हायला सांगून त्यांनी ते गावाबाहेर नेऊन पुरलं, साबण लावून अंघोळ केली आणि पेटीतलं धुतलेलं पातळ काढलं.

आता लाथ नव्हती, पण दूधही नव्हतं. म्हैस मान वळवून नुसती बघत राहिली.

"बाबा, बोला न तिच्यासंग. आई बोलते."

"काय बोलू?"

"आईचं सांगा."

बाबांनी म्हशीच्या पोटाला डोकं टेकलं. मग म्हणाले, "तीन दिवस तिनं कोनाले ओयखलं नाही. मले बी नाही. पोरीले सांगतलं नाही मी."

मी गोठ्याच्या दाराशी तशीच उभी राहिले.

"आज डोये उघडले तिनं. पह्यलं इचारलं, लेकरू काय पेते? अन् म्हशीसंग कोनी बोलते का?"

म्हशीनं मान हलवली. बादलीत धार वाजायला लागली. बाबा रडत होते, आणि मीही.

आई पंधरा दिवसांनी घरी आली. भाऊ त्या दुधावर वाढला, ते उपकार तर आहेतच. पण बाबांना त्या म्हशीनं बोलतं केलं, याचे माझ्यावर त्याहून जास्त आहेत. पुढे कितीतरी वर्षं ते मनातलं तिलाच सांगायचे. मी दाराशी उभी आहे, हे ठाऊक असूनही.