आईच्या हातातला झाडू

पडदा खाली आला आणि माझी आई भिंतीवर हातात झाडू घेऊन उभी होती.

दुमजली आई. पिवळी साडी, गालभर हसू, मागे भलामोठा केशरी सूर्य. टाळ्या झाल्या. ढोलवाल्याने ढोल बडवला. खरी आई पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. टाळी वाजवायला तिने हात उचलले होते, ते तसेच राहिले.

शेजारचे सुटातले पाहुणे तिच्याकडे वाकले. "आप ही हैं ना? वाह. कब से सफाई कर रही हैं?"

आई म्हणाली, "मैं रेलवे में थी. डिब्बों के पंखे ठीक करती थी."

"अच्छा, अच्छा. वो भी," ते म्हणाले आणि समोशाच्या बशीकडे वळले.

वो भी.

मी माइकपाशी उभी होते. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. हातातल्या चिठ्ठीवर पुढच्या वक्त्याचं नाव होतं. मी ते वाचलं. आवाज जराही हलला नाही. नोकरी माणसाला काय काय शिकवते.

ती नोकरी एका संस्थेत होती. जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आत, आमची गल्ली आहे. संस्थेचं कार्यालय सी-स्कीममध्ये, जिथे झाडांनाही माळी असतात. तिथून आमच्या गल्लीचं पुनरुज्जीवन ठरलं. पुनरुज्जीवन करायचं तर आधी ती मेली असं जाहीर करावं लागतं. तसं एका माहितीपटात केलं गेलं. त्यात आमचे शेजारी हळू चालताना दिसतात, आणि सारंगी वाजते. आमच्या गल्लीत सारंगी कोणाकडेच नाही.

खोटं बोलणार नाही. संस्थेने कामं केली. नाली झाकली. दिवे लावले. जुन्या धर्मशाळेची पडीक खोली भाड्याने घेऊन मुलींसाठी अभ्यासिका उघडली, ती मी चालवत होते. नगिने, म्हणजे दागिन्यांतले खडे, घासणाऱ्या सलीम चाचांची शबाना तिथे दहावीचा अभ्यास करायची, कारण घरी त्यांचं घासायचं चाक दिवसभर फिरतं आणि त्या आवाजात गणित सुटत नाही.

मग भिंत रंगवायचं ठरलं. चौकाकडे तोंड असलेली सगळ्यात मोठी भिंत आमच्या घराची. एकावर एक दोन खोल्यांचं घर, आईने निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून घेतलेलं. 'गल्लीचे कष्टकरी हात' असा चित्राचा विषय. बाहेरून तरुण पेंटर आला. नम्र, दाढीवाला, कामात हुशार. त्याने सलीम चाचांचा फोटो काढला, चाकासकट. लाखेच्या बांगड्या करणाऱ्या बाईंचा काढला, शेगडीसकट. मग आमच्या दारात आला आणि आईला म्हणाला, "आंटीजी, जिस औज़ार से काम करती थीं, वो हाथ में लीजिए."

आईने पेटीतून पक्कड काढली. पदराने पुसली. नीट उभी राहिली.

फोटो काढता काढता त्याने विचारलं, "महाराष्ट्र से हैं? कौन समाज?"

"बौद्ध," आई म्हणाली. ती हे नेहमी मोठ्याने सांगते, जसं स्टेशनचं नाव सांगतात.

पेंटरला बोध झाला नाही. त्याने संस्थेच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर त्याच्या कानात काहीतरी बोलला. पेंटर म्हणाला, "ओह, अच्छा." फोटो झाला. सगळे चहा प्यायले.

चित्र पडद्याआड रंगवलं गेलं, आम्हालाही आधी दाखवलं नाही. त्यात कडेला सलीम चाचांचं चाक आलं. बांगड्यांची शेगडी आली. फक्त आईची पक्कड रस्त्यात कुठेतरी पडली.

अनावरणाच्या दुसऱ्या दिवशी मी सी-स्कीमला गेले. संस्थेच्या प्रमुख मॅडम हातमागाची साडी नेसतात आणि सगळ्यांना बेटा म्हणतात. त्यांनी मला ग्रीन टी दिला.

मी म्हणाले, "मॅडम, मेरी माँ के हाथ में प्लास था."

"प्लास दूर से समझ में नहीं आता, बेटा. झाड़ू तुरंत समझ आता है."

"किसको?"

त्यांनी ते ऐकलं नाही. म्हणाल्या, "और इसमें बुरा क्या है? तुम तो पढ़ी-लिखी हो. कोई काम छोटा नहीं होता."

"तो आपकी मम्मी का भी ऐसा ही बनवा दीजिए."

"मेरी मम्मी तो प्रोफेसर थीं."

"मेरी फिटर थीं."

त्यांनी कप खाली ठेवला. आवाज न करता. "तुम थकी हुई हो. दो दिन छुट्टी ले लो."

मोठी माणसं वाद घालत नाहीत. रजा मंजूर करतात.

परत येताना बसमध्ये त्यांचं वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मला झाडूची लाज वाटते का? माझी आजी बडनेऱ्याच्या स्टेशनवर झाडू मारायची. तिच्या हातांनी आमचं घर उभं केलं. तिची लाज नाही. वडिलांची बदली जयपूरला झाली, आणि तिथे ते वारले तेव्हा आईला त्यांच्या जागी रेल्वेत घेतलं. साहेबाने विचारलं, सफाईत जाणार का, सोपं पडेल. आई म्हणाली, विजेच्या खात्यात जाईन. पुरुषांच्या टिंगलीत काम शिकली. शिडीवर चढली, शॉक खाल्ले, परीक्षा दिली, फिटर झाली. आजीच्या झाडूपासून आईच्या पकडीपर्यंतचा रस्ता आमच्या घराचा सगळा इतिहास आहे. एका माणसाने तो ब्रशच्या एका फटक्यात उलटा चालवला. आणि वर हसू काढलं.

गल्लीत जी खरोखर झाडू मारते, ती महापालिकेतली गीता मौसी, तिला चित्रासाठी कोणी विचारलंही नाही. फोटो काढायला आले तेव्हा ती कामावर होती.

आईने फक्त पुढच्या दाराने जाणं बंद केलं. भाजीला, दवाखान्यात, सगळीकडे मागच्या बोळातून. मी विचारलं तर म्हणाली, "तिकून सावली असते." जानेवारी होता. सावलीत बसलं की दात वाजत होते.

पर्यटक येऊ लागले. भिंतीपुढे उभं राहून फोटो काढायचे. काही मुली झाडू मारल्याचा अभिनय करायच्या. आमची खिडकी बरोबर चित्रातल्या सूर्याच्या मधोमध येते, तिथून खाली सगळं दिसायचं. आईने खिडकीला पडदा शिवला. मग आम्ही दिवसाही दिवा लावून बसायला लागलो. घर आमचं, भिंत आमची, आणि बाहेर आमच्याच अंगावर हे.

एके सकाळी समोर नव्याने राहायला आलेली बाई मागच्या बोळात आईला भेटली. हसून म्हणाली, "अम्मा, हमारे आगे का कूड़ा भी देख लेना."

"किससे बोल रही हो?"

"दीवार पर आप ही हैं ना?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. वाचता येणारी बाई होती, तिने भिंत वाचली होती. आई घरी आली, पिशवी ठेवली आणि खूप वेळ हात धूत बसली. मग म्हणाली, "मले त्यानं इचारलं होतं, हातात काय घेता. मी सांगतलं होतं. मंग इचारलं कायले?"

मी राजीनामा द्यायचं बोलले. सलीम चाचांना कळलं. ते चाक थांबवून बाहेर आले. "बेटी, दीवार ही तो है. कमरा चला गया तो शबाना कहाँ बैठेगी? परीक्षा सिर पर है."

ते चूक नव्हते. हीच अडचण होती. चूक असते तर सोपं होतं. संस्थेने आम्हाला बांधलं ते दोरीने नाही. खोलीने. दिव्यांनी. चांगल्या गोष्टींनी. उपकाराच्या गाठी दिसत नाहीत, म्हणून सोडवताही येत नाहीत. मी राजीनामा दिला नाही. रोज सकाळी त्या चित्राखालून अभ्यासिकेत जायचे. मान खाली घालून, म्हणजे चपला तरी आपल्या दिसतात.

मग देणगीदार येणार असं ठरलं. नवी फिल्म बनणार होती. मॅडम स्वतः आमच्या घरी आल्या, पहिल्यांदा. मागे कॅमेरावाला. हातात एक नवा झाडू, दांड्याला गोट्याची, म्हणजे जरीची, फीत लावलेला, लग्नातल्या रुखवतासारखा.

"बस दो मिनट, आंटीजी. दीवार के आगे, वैसे ही खड़ी हो जाइए. इसे पकड़कर."

आईने झाडूकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ती चिडली नव्हती. ती वाट पाहत होती. मी काय करते याची. त्या नजरेत मला पहिल्यांदा कळलं, की ती इतके दिवस गप्प होती ती माझ्या नोकरीसाठी. आणि मी गप्प होते ती खोलीसाठी. दोघी एकमेकींना सांभाळत एकाच पिंजऱ्यात बसलो होतो, आणि बाहेर तिकीट लागलं होतं.

मी म्हणाले, "माँ नीचे नहीं आएगी."

मॅडम हसल्या. "बेटा, लोग रास्ते में हैं."

"माँ नहीं आएगी. ये झाड़ू ले जाइए."

"कमरे का सोचा है? उन लड़कियों का?"

"रोज़ सोचती हूँ. आज भी नहीं आएगी."

त्या जिना उतरल्या. झाडू उंबऱ्यावरच राहिला. मी तो उचलून त्यांच्या गाडीच्या टपावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रंग आणला. परकोट्यात रस्त्याकडच्या भिंतीला एकच रंग चालतो, तो शहराचा गेरूसारखा गुलाबी. चित्र काढायला मॅडमनी खास परवानगी आणली होती. पुसायला कसलीच लागत नव्हती. नियम आमच्या बाजूने होता. असं फार वेळा होत नाही.

मी शिडी लावली आणि झाडूपासून सुरुवात करणार होते. आई खालून म्हणाली, "नुसता झाडू पुसशीन त मी हात पसरून उभी दिसन. सारं पुस. मलेबी."

झाडू गेला. पाय गेले. साडी गेली. चेहऱ्यापाशी माझा हात थांबला. पेंटरचा हात चांगला होता. आईच्या भुवईवरचा व्रणसुद्धा त्याने अचूक काढला होता. पंख्याचं पातं लागून झालेला व्रण. त्याला व्रण दिसला. पंखा दिसला नाही.

"काऊन थांबली?"

"आई, तुझा चेहरा आहे."

"माहा चेहरा इथं खाली हाय. मार हात."

मी हात मारला.

संध्याकाळी फोन आला, उद्यापासून येऊ नकोस. त्याच आठवड्यात अभ्यासिकेला कुलूप लागलं. शबाना आता छतावर बसते, उन्हात, डोक्यावर ओढणी धरून. सलीम चाचा एकदाच बोलले. "दीवार साफ हो गई, बेटी. अब?"   शबानाची आई मला पाहून दार लावते, तो आवाज मी ऐकते. ऐकायलाच हवा.

पण ज्या खोलीचं भाडं माझ्या आईच्या चेहऱ्याने भरायचं, ती उद्या शबानाच्या चेहऱ्यानेही भरावी लागली असती. फुकट काहीच नव्हतं. फक्त पावती भिंतीवर फाडली जात होती.

संस्था आता दुसरी भिंत शोधते आहे. चांदपोल दरवाज्याच्या बाजूला, गीता मौसी राहते त्या वस्तीत. रविवारी पेंटर फोटो काढायला येणार आहे. मी शनिवारी जाणार आहे. दारोदार. प्रत्येक घरात एकच गोष्ट सांगणार आहे: पेंटर 'कौन समाज' विचारेल, तेव्हा हातातलं खाली ठेवा, दार लावा, आणि सगळ्यांची दारं एकदम लागू द्या.