आक्कांची भिंगरी

आक्का बसून चहा पीत नसत. कप घेऊन दारात उभ्या राहत, एक घोट घेत आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत, जणू तिकडून कुणीतरी हाक मारली आहे. कप रिकामा व्हायच्या आतच म्हणत, "काय करून राहिलीस गं? चल, चक्कर मारून येऊ."

मी अहमदपूरची. नांदेडला एका लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा जुन्या शहरात, नदीपासून पाच मिनिटांवर, आक्कांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली. रविवार झोपण्यासाठी असतो अशी माझी समजूत होती. पहिल्याच रविवारी सकाळी सहाला दारावर थाप पडली. दारात आक्का. साठी उलटलेल्या, ठेंगण्या, कपाळावर विभूती, हातात कापडी पिशवी. "ऊठ. सगळा बाजार जागा झाला, आपुन निजून काय करावं?"

त्या उदगीरच्या लिंगायत व्यापाऱ्याची लेक. लग्न होऊन नांदेडला आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. मालक वाईट नव्हते. भाजी, साड्या, बांगड्या सगळं घरी आणून देत. बाईमाणसानं बाजारात कशाला जायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. सासूची माती झाल्यावर घाटावर अंघोळीला गेल्या तेव्हा आक्कांनी गोदावरी पहिल्यांदा नीट पाहिली. "तीस वर्षं पत्ता नांदेडचा लिहिला," त्या एकदा म्हणाल्या, "आन् नांदेड कसं हाय म्हणून कुणी इचारलं आसतं तर मला सांगता आलं नसतं." मालक गेले, त्यांचं वर्ष झालं आणि त्यांच्या पायाला भिंगरी लागली.

त्यांचं फिरणं निवांत नव्हतंच. किल्ल्याच्या पडक्या बुरुजावर धापा टाकत चढायच्या, खालचं नदीचं पात्र डोळे भरून बघायच्या आणि मी पाण्याची बाटली उघडेपर्यंत म्हणायच्या, "झालं. फुडं?" हळदीच्या आडतीवर पोत्यात हात घालून वास घ्यायच्या, भाव विचारायच्या, घ्यायच्या काहीच नाहीत. मी चिडायचे. "आक्का, एका जागी थांबा ना जरा!" "थांबले की लई वर्षं," एवढंच उत्तर.

इतवाऱ्याच्या वस्तीत एकदा त्या चहाच्या हॉटेलात शिरल्या. आत सगळे पुरुष. आक्का सरळ बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "दोन चहा. आन् ती बिस्किटं." सगळ्यांच्या माना वळल्या. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला काय करावं सुचेना. आक्का म्हणाल्या, "चाच्या, चहाच मागितलाय, तुमची पोरगी न्हाई मागितली." आधी म्हातारा हसला, मग बाकीचे. त्यानंतर आम्ही दिसलो की तो लांबूनच ओरडायचा, "आओ आपा!" मात्र चहा आला तशा आक्का बाकावरून उठल्या आणि तोही उभ्यानेच संपवला.

गुरुद्वाऱ्याच्या लंगरात तर त्यांनी मला दोन तास बसवून ठेवलं. जेवण झाल्यावर त्या पोळ्या लाटणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या. पंजाबातून आलेल्या एका आजीबाईंना मराठी येत नव्हतं, आक्कांना पंजाबी. तरी दोघींचं बोलणं थांबत नव्हतं. बाहेर आल्यावर आक्का हाताचं पीठ झटकत म्हणाल्या, "घरी लाटायचा कंटाळा यायचा बघ. हितं कुणी मीठ कमी हाय म्हणत न्हाई."

मग मुदखेड घडलं. बाजारातल्या फुलवालीला आक्कांनी विचारलं होतं, एवढी फुलं येतात कुठून? ती म्हणाली, मुदखेडकडून. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये असताना आक्का एकट्याच गाडीत बसल्या आणि फुलांचे मळे बघायला गेल्या. फोन घरी चार्जिंगला. पुण्याहून मुलाचे फोनवर फोन. शेवटी त्याने मला लावला. मी लॅबमधून धावत निघाले. घाट पाहिला, बाजार पाहिला, हॉटेलवाल्या चाचांनी दोन माणसं दोन दिशांना पाठवली. घाटावर एका बाईचा पदर आक्कांसारखा वाटला आणि ती वळली तेव्हा मला रडूच आलं. दिवेलागणीला आक्का गल्लीत शिरल्या. केसांत गुलाब, पायाला चिखल, गुडघा खरचटलेला. परतीची गाडी चुकली होती आणि बांधावरून पायही घसरला होता. "अय्यो शिवा, रडतीस कशाला? नुसता गुलाबी रंग होता गं समदीकडं," त्या म्हणाल्या. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

सकाळी मुलगा आला. रात्रभर प्रवास करून आलेला, डोळे लाल. तो ओरडला नाही, त्यामुळेच मला त्याची जास्त भीती वाटली. आईचा गुडघा पाहिला, औषध लावलं आणि म्हणाला, "आई, तुला शुगर आहे. कुठं चक्कर येऊन पडलीस तर मला कोण कळवणार? पुण्याला चल. तिथं तुला काय कमी आहे?"

"कमी काय न्हाई रे," आक्का म्हणाल्या. "तुझा बापबी हेच इचारायचा."

तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "मला भीती वाटते गं." आक्का उठून पिशवी भरायला लागल्या. मालकांचं त्यांनी हुकूम म्हणून ऐकलं होतं. लेकाच्या बाबतीत मात्र त्याची भीती त्यांना बघवेना, म्हणून त्या निघाल्या. निघताना मला म्हणाल्या, "तिकडं चौदावा मजला हाय म्हनं. खाली उतरेपर्यंतच दिवस जाईल."

पुढे माझी बदली लातूरला झाली. नवी जागा, नवी माणसं. दोन महिने मी खोली आणि लॅब यापलीकडे गेले नाही. आक्कांचा फोन आला. "गंजगोलाई पाह्यली का?" मी म्हटलं, "वेळच मिळत नाही." पुढच्या शनिवारी सकाळी लातूरच्या स्टँडवरून त्यांचा फोन. पुण्याहून एकट्या आल्या होत्या, पण या वेळी मुलाला सांगून, फोन गळ्यात अडकवून.

गंजगोलाईला मधल्या देवीच्या देवळाभोवती गोल बाजार आणि त्यातून सोळा रस्ते फुटतात. आक्का मधोमध उभ्या राहिल्या आणि लहान मुलीसारख्या स्वतःभोवती फिरल्या. "कुठून सुरू करावं गं?" सराफा, कापड, चपला, गूळ. वाटेत एका गाडीवर चुरमुऱ्यांचा सुशिला खाल्ला आणि मिरची लागली म्हणून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ रस्ते झाले आणि गुडघ्याने दगा दिला. कठड्यावर टेकून त्या बराच वेळ उरलेल्या रस्त्यांकडे बघत होत्या. "ह्ये सात तू कर. आन् मला फोनवर सांग. गडबडीत न्हाई, दुकानावारी सांग."

दुसऱ्या दिवशी त्यांना बसमध्ये बसवलं. मग दर रविवारी एक रस्ता. मी चालायचे, बोलायचे, त्या मध्येच अडवायच्या, "थांब, त्याच्या शेजारी काय हाय?"

चौथ्या रविवारी फोन मुलाने उचलला. आई पहाटे झोपेतच गेली, म्हणाला. सकाळपासून मला कळवायचं त्याच्या मनात होतं, जमलं नव्हतं. मी भररस्त्यात उभी. सायकली, हातगाड्या, भोंगे.

"तुम्ही आत्ता कुठं आहात?" त्याने विचारलं.

"भांड्यांच्या गल्लीत."

तो म्हणाला, "ती स्पीकर लावायची. मीही ऐकायचो." आणि अगदी हळू आवाजात, "काय काय आहे तिथं?"

मी डोळे पुसले आणि पहिल्या दुकानापासून सुरुवात केली.