ट्रॅक्टरची वाटणी

मी धाकट्याच्या घरी चहा प्यालो, आणि तिथेच घोळ झाला.

चहा वाईट नव्हता. गवती चहाची पात घातलेला, गुळाचा. शहापूरहून उन्हात मोटारसायकल हाणत आलेल्या माणसाने असा चहा नाकारायचा म्हणजे अंगात काही तप लागतं. माझ्या अंगात तेव्हाही फक्त पोटच होतं. मी बशीत ओतून फुर्रकन प्यालो, वर ‘आणखी अर्धा चालेल’ असंही म्हणालो. हा सगळा कार्यक्रम मधल्या बुटक्या भिंतीपलीकडून त्याचा थोरला भाऊ बघत होता. भिंतीला वळसा घालून मी त्याच्या अंगणात गेलो तर तो ओटीवरून उठलासुद्धा नाही.

“चा पिलास ना तिकडं?” तो म्हणाला. “मंग ट्रॅक्टरपन तिकडचाच न्हे. हितं काय हाय?”

तिथे, त्याच्या गोठ्यात, मला हव्या असलेल्या ट्रॅक्टरचा मागचा अर्धा भाग होता.

हे जरा नीट सांगायला हवं. मी पेशाने कारकून, आणि छंद जुने ट्रॅक्टर गोळा करण्याचा. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. ती कपाटात मावतात. माझ्या छंदाला परसदार लागतं. नव्वदच्या दशकात आमच्या भागात नवे ट्रॅक्टर दिसायला लागले आणि पूर्वी परदेशातून आलेले म्हातारे ट्रॅक्टर, ज्यांचे सुटे भाग कुठे मिळेनात, बांधावर गंजत पडले. त्यातले दोन मी घरी आणून चालू केले होते. चालू म्हणजे आवाज यायचा, धूर यायचा आणि तक्रार घेऊन शेजारी यायचे. एकावर बायको पापड वाळत घालायची, दुसऱ्यावर गोधड्या. पाहुण्यांना ती ओळख करून द्यायची, “हे आमचे हे, आणि हे ह्यांचे ते.”

तिसऱ्याची बातमी लागली ती मुरबाडच्या पुढे, म्हसा गावाच्या वाटेवरून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावातून. तांबडा, दोन सिलिंडरचा, त्या टापूत आलेला पहिलाच, असं लोक सांगत. म्हशाच्या जत्रेला त्याचा धनी त्यावर बसून ऐटीत जायचा, आणि त्या आवाजाने बैलबाजारातले बैल दावी तोडायचे. धनी गेला. मागे दोन मुलगे. पंच बसले. भातखाचरं वाटली, आंबे एक सोडून एक वाटले, घराच्या मधून भिंत घातली. ट्रॅक्टर मात्र एकच. एकाने ठेवून घ्यावा आणि दुसऱ्याला मोबदला द्यावा, असं पंचांनी सुचवलं, तर दोघांचंही म्हणणं एकच: त्याच्या दारात उभा राहिलेला बघवणार नाय.

मग मुरबाडहून मिस्त्री आणला. क्लचचं काम निघालं की मिस्त्री ट्रॅक्टर मधोमध सोडवतात. बोल्ट काढायचे, इंजिनाचा भाग पुढे ओढायचा, गिअरबॉक्सचा मागे, आणि काम झालं की परत जोडायचा. या मिस्त्रीला फक्त एवढंच सांगितलं, की सोडव आणि जा. पुढची चाकं, इंजिन, बॉनेट धाकट्याला. मागची मोठी चाकं, गिअरबॉक्स आणि सीट थोरल्याला. स्टिअरिंग कुणाचं यावर म्हणे आणखी एक बैठक झाली. धाकट्याने आपला अर्धा पडवीत विटांवर बसवला, थोरल्याच्या अर्ध्यावर कोंबड्या बसू लागल्या. दोन्ही घरांत ट्रॅक्टर होता, आणि दोन्ही घरं खाचरांची चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करत.

आणि आई होती. आईला मधोमध सोडवता येईना, म्हणून तिची महिन्यांनी वाटणी केली. अमावास्या आली की खाट उचलायची, एका दारातून काढायची, दुसऱ्या दारात टाकायची. म्हातारी खाटेच्या मागून काठी टेकत जायची.

त्या पहिल्या दिवशी थोरल्याने हाकलल्यावर मी मोटारसायकलला लाथा घालत होतो, तेव्हा तिनेच मला खुणेने बोलावलं. तो महिना थोरल्याकडचा होता.

“तू मोडकं जोडतोस काय रे?”

“हो आजी. जमेल तसं.”

“मंग माजं येक काम कर. ही खाट येका जागी कर. कंच्याबी. आमच्या कुत्र्याला ठावं हाय त्याची जागा कुटं ती. मला सकाळी उठलं का इचार पडते, आज दार कंच्या अंगाला? परवा भितीवर आपटली.” तिने कपाळ दाखवलं. भिंत जिंकली होती. “त्याच्या पडवीत इंजन हाय ना, तेवढ्यात माजी खाट मावंल. तू इंजन न्हे, न त्याला सांग, आईला हितं टाक म्हून.”

मी हो म्हणालो. मला कुणीही काम सांगितलं की मी हो म्हणतो. घरात माझा याबद्दल लौकिक आहे. काम करण्याबद्दल नाही, हो म्हणण्याबद्दल.

पुढच्या खेपेला मी पाण्याची बाटली घेऊन गेलो आणि कुणाकडेही काहीच प्यालो नाही. थोरला म्हणाला, “आधी त्याचा उचल.” धाकटा म्हणाला, “आधी त्याचा उचलू दे.” एकाचा गेला आणि दुसऱ्याचा राहिला, तर ट्रॅक्टर राहिलेल्याचा ठरणार, ही भीती. अर्ध्या ट्रॅक्टरची कसली आलीय मालकी, असं मी म्हणून पाहिलं. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, की शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये? शेवटी मी तोड काढली. एकच ट्रक आणायचा, दोन चेनपुल्या लावायच्या, आणि दोन्ही अर्धे एकाच वेळी जमिनीवरून उचलायचे. हे दोघांना पटलं. कारण मी दोघांना वेगवेगळं सांगितलं की ही कल्पना तुमचीच.

मग धाकट्याजवळ आईचा विषय काढला. म्हटलं, इंजिन गेलं की पडवी मोकळीच होईल, खाट तिथे कायमची टाकलीत तर म्हातारीची वणवण वाचेल. त्याने आत चुलीकडे बघितलं. चुलीजवळून बांगड्या वाजल्या, नेहमीपेक्षा जरा जोरात.

“बघू,” तो म्हणाला. “जागा झाली का बघू.”

मी जाऊन म्हातारीला सांगितलं.

“बघू बोल्ला?”

“हो, आजी.”

“‘नाय’ नाय बोल्ला ना?”

“नाही.”

“मंग झालं तर,” ती म्हणाली.

ट्रक आला तो दिवस अमावास्येच्या आदला. गाव जमलं होतं. ट्रॅक्टर आला तेव्हा जमलं होतं, तुटला तेव्हा जमलं होतं, मग जाताना कसं नाही जमणार. मी पडवीत इंजिनाला साखळी घालायला वाकलो, तर खाली विटांच्या मधली जमीन ओली लागली. शेणाने सारवलेली. हात पोचेल तिथपर्यंत बोटांचे पट्टे, पुढे कोरडी धूळ. म्हातारी कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभी होती, इंजिन उठलं की उरलेलं झाडून घ्यायला.

“उचला!” मी ओरडलो. पडवीतली साखळी ताणली, गोठ्यातली साखळी ताणली, दोन्ही भाऊ भिंतीवरून मान काढून एकमेकांचा अर्धा जमिनीवरून सुटला की नाही ते बघत होते. सुटले. एकदम सुटले. थोरल्याच्या अर्ध्यावरची एक कोंबडी तेवढी शेवटपर्यंत उतरली नाही.

ट्रकचा मागचा फाळका लागायच्या आत धाकटा आणि त्याचा मेव्हणा मागल्या दाराने एक पिठाची गिरणी ओढत घेऊन आले. नवी नव्हती, पण निळा रंग दिलेली. ती त्यांनी सारवलेल्या जागेवर बसवली आणि मेव्हणा बोल्टांसाठी खुणा करू लागला.

म्हातारी केरसुणीसकट पुढे आली. “न माजी खाट रे?”

“खाट काय पीठ देते?” धाकटा म्हणाला.

लोक हसले. पलीकडून थोरलाही हसला. वाटणी झाल्यापासून धाकट्याच्या बोलण्यावर तो पहिल्यांदाच हसला असावा. त्याला हुरूप आला. भिंतीवर कोपरं टेकून मला म्हणाला, “सायेब, तुमी जुनं गोळा करता ना? हिलापन न्ह्या की. दोगांची मिळून येक हाय, न अख्खी हाय. तोडलेली नाय.”

“तेलपानी लागत नाय हिला,” धाकट्याने जोड दिली. “नुसती वाजते.”

दोघे भाऊ एकमेकांकडे बघून पोट धरून हसत होते. गाव हसत होतं. ट्रकचा क्लीनर हसत होता. मीही हसलो. चारचौघांत हसायला मला फारसं कारण लागत नाही.

म्हातारी भिंतीला वळसा घालून थोरल्याच्या घरात गेली. तिला वाईट वाटलं असेल, असं कुणीतरी म्हणालं. पण ती लगेच परत आली. काखेत गाठोडं होतं आणि पायांत चपला होत्या. आजवर मी तिला चपला घातलेल्या पाहिल्या नव्हत्या. ती ट्रकजवळ आली, फाळक्याला धरलं, आणि मला विचारलं,

“कुटं बसू? म्होरं का मागं?”

आता तर लोकांना हसू आवरेना. म्हातारीने काय फर्मास उत्तर दिलं, म्हणून मीही जोरात हसलो. मग पाहिलं, तर ती हसत नव्हती. ती वाट बघत होती. एक पाय तिने चाकावर ठेवूनही पाहिला.

“आजी,” मी म्हणालो, “गाडीत जागा नाही.”

खोटं नव्हतं ते. पुढे ड्रायव्हर, क्लीनर आणि मी. मागे दोन अर्धे आणि एक कोंबडी.

थोरल्याची बायको पुढे झाली, तिने म्हातारीच्या काखेतलं गाठोडं ओढलं आणि भिंतीवरून धाकट्याच्या अंगणात टाकलं. “आता बांदलंच हाय तर जाऊं दे तिकडंच. उद्या जायचंच हाय.” पलीकडून धाकट्याच्या बायकोने ते उचलून परत इकडे टाकलं. “उद्या ना? मंग उद्या.” ट्रक वळणावर गेला तेव्हा गाठोडं भिंतीवर होतं, आणि कुठल्या बाजूला पडेल ते झाडांमुळे दिसलं नाही.

जोडायला मला वर्ष लागलं. गंजलेले पिस्टन डिझेलमध्ये भिजत घातले, लाकडी ठोकळ्याने ठोकले, पुन्हा भिजत घातले. इंजिन आणि गिअरबॉक्स समोरासमोर आणले तर शाफ्ट क्लचमध्ये शिरेना. दर रविवारी मेव्हण्यांना जेवायला बोलवायचं आणि जेवणाआधी ट्रॅक्टर ढकलायला लावायचं, असं चाललं होतं. मेव्हणे हळूहळू यायचे बंद झाले. एका रविवारी शाफ्ट आपसूक आत गेला, आणि त्याच वेळी लक्षात आलं की इंजिन फिरवायचं हँडल आलंच नाही. ते मिळेना कुठे. म्हणून भर पावसात पुन्हा त्या गावी गेलो.

गिरणी चालू होती. पडवीत डबे घेऊन बायका बसल्या होत्या. खाट ना पडवीत होती ना थोरल्याच्या ओटीवर. ती अंगणात होती, जिथे मधली भिंत संपते तिथे, वर प्लास्टिकचा निळा कागद ताणलेला. मी थोरल्याकडे बघितलं. “जागा त्याच्याकडं झाली ना आता,” तो म्हणाला. “आमी कशाला ठेवायची?” धाकट्याकडे बघितलं. “गिरनी दिसत नाय तुमाला?” तो म्हणाला.

म्हातारी कागदाखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती. मला तिने मोटारसायकलच्या आवाजावरूनच ओळखलं होतं.

“आता हलवीत नाय कोन,” ती म्हणाली. “झाला काय रे तुजा येक?”

“झालाय आजी. हँडल तेवढं राहिलंय.”

“तेच काय?” तिने उशाकडे बोट केलं. कागदाचा एक कोपरा दोरीने बांधला होता, आणि दोरी जमिनीत ठोकलेल्या माझ्या हँडलला. “न्हे. तुजा चालू व्हईल.”

मी तिथे बांबूचा खुंटा ठोकला. चांगला खोल ठोकला, दोनदा हलवून पाहिला. मग हँडल पुसून घेतलं.

ट्रॅक्टर दसऱ्याला चालू झाला. झेंडू लावले, नारळ फोडला, पाहुणे आले. धूर निवळल्यावर सगळे ओटीवर बसले आणि मी त्यांना ही हकीकत सांगितली. मी बरी सांगतो. चहाचं सांगितलं, स्टिअरिंगच्या बैठकीचं सांगितलं, कोंबडीचं सांगितलं. “म्होरं का मागं” याला तर माझा साडू हसता हसता खोकला लागून आडवा झाला. हँडलचं सांगितलं नाही. त्याने गोष्ट लांबते.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. पाहुणे गेल्यावर ती ताटं गोळा करताना म्हणाली, “अहो, तुम्ही ते गाठोडं घेऊन ट्रकमध्ये ठेवायचं होतंत. ‘चला आजी’ म्हणायचं, बस. दोघेही ट्रकपुढे आडवे पडले असते. आई ह्याच्या दारातून गेली, का त्याच्या, असं गाव विचारणार म्हणून.”

“आणि नसते पडले तर?”

“नसते पडले तर आली असती,” ती म्हणाली. “मी काय तिला अमावास्येला शेजारी पाठवणार होते?”